आरशातला वर्ग

प्रशिक्षण म्हटलं की शिक्षकांच्या कपाळाला आठ्या का पडतात, हे वैजयंती फडतरेला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आधी ती स्वतः प्राथमिक शाळेत शिकवत होती आणि ऐन उन्हाळ्यात पत्र्याच्या सभागृहात बसून, घाम पुसत पुसत, तिनेही 'आनंददायी शिक्षण' ऐकलं होतं. पुढे ती जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत अधिव्याख्याता झाली, म्हणजे घाम पुसणाऱ्यांतून घाम काढणाऱ्यांत गेली. पण मनाला टोचणी होतीच. पाच दिवस गटचर्चा, तक्ते, गाणी, चहा-बिस्किटं. शेवटी सगळ्यांचा फोटो आणि अभिप्रायाचा कागद. त्यावर जो तो 'प्रशिक्षण अतिशय उपयुक्त' असं खरडायचा आणि एसटी गाठायला पळायचा. सोमवारी वर्गात जाऊन पाहावं तर जुनंच घोकणं जुन्याच सुरात चालू. प्रशिक्षण अंगी लागलं का, हे अभिप्रायाच्या कागदावरून कळत नाही. ते वर्गात कळतं, आणि वर्गाचं दार तर बंद असतं.

या दुखण्यावरचं औषध म्हणून कर्णिका आली.

कर्णिका म्हणजे कानाच्या पाळीला अडकवायचा, मेथीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा चाप. आपल्या मेंदूतून निघून थेट पोटापर्यंत उतरणारी एक लांबलचक नस आहे. तिची एक बारीकशी फांदी कानात येते. एखादी कृती केल्याबरोबर त्या फांदीला विजेचा अगदी हलका स्पर्श केला, तर मेंदू ती कृती महत्त्वाची समजून पक्की करून ठेवतो. सायकल शिकताना तोल सापडतो आणि मग जन्मभर जात नाही, तसं. वर्गात समोरच्या भिंतीवर एक कॅमेरा असे. शिक्षकाने योग्य वेळी योग्य गोष्ट केली, की कॅमेऱ्यामागचं यंत्र कर्णिकेला खूण करी आणि कर्णिका नसेला. घालणाऱ्याला काही जाणवतसुद्धा नसे. काही आठवड्यांत मात्र त्याचा हात, आवाज, नजर सगळं बदलून जाई, आणि चाप काढून ठेवला तरी ते बदललेलं बदललेलंच राही. प्रशिक्षण आणि त्याचं मूल्यमापन, दोन्ही एकाच दाण्यात.

प्रश्न एवढाच होता, की योग्य गोष्ट कोणती हे यंत्राला शिकवायचं कशावरून? ते काम वैजयंतीकडे आलं. संस्थेच्या संग्रहात आदर्श पाठांचं चित्रफीत-भांडार होतं. जिल्ह्यातल्या नावाजलेल्या शिक्षकांचे, साहेबांच्या भेटीच्या वेळी घेतलेले पाठ. सगळा वर्ग हात वर करतोय, ज्याला विचारावं तो खणखणीत उत्तर देतोय, मध्येच कुणी बोलत नाही, चुकत नाही. यापेक्षा चांगला नमुना कुठला असणार? तिने ते सगळे पाठ यंत्राच्या हवाली केले. यंत्राने त्यातून काय उचललं, ते यंत्रालाच ठाऊक.

"आधी माझ्या कानाला, मग दुसऱ्याच्या," असं तिने बैठकीत ठणकावून सांगितलं होतं, आणि ते खरं केलं. चाचणीच्या काळात सराव-पाठ घेताना तिने महिनोन्‌महिने कर्णिका वापरली. तिच्यामागोमाग पहिल्या तुकडीत नाव घातलं ते तिच्या नवऱ्याने. दिगंबर फडतरे कुरणवाडीच्या शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळायचा. त्याच वर्गात त्यांची शाल्मली होती. शिक्षकाची मुलगी खासगी शाळेत घातली तर गाव काय म्हणेल, असा साधा हिशेब होता. शालू डावखुरी. तिच्या आजीने चमचा उजव्या हातात कोंबायचा खूप प्रयत्न केला होता, पण पोरगी बधली नव्हती.

"अगं वैजू, काय वर्ग चाललाय म्हणून सांगू!" दिगंबर घरी येऊन म्हणायचा. "पोरं तोंडातनं शब्द काढत नाहीत. बोलायचं झालं की हात वर. मी विचारलं तरच बोलणार. आणि विचारीन त्याला येतंच!"

"तोंडातनं शब्द काढत नाहीत, हे चांगलं का?"

"तुमच्या आदर्श पाठात तसंच आहे की." तो हसला. वैजयंतीही हसली.

शालू मात्र गप्प झाली होती. आधी ती शाळेतून आली की दप्तर एकीकडे, चप्पल दुसरीकडे, आणि तोंडाचा पट्टा सुरू. आता ती येऊन भिंतीला टेकून बसे. त्या रात्री जेवताना वैजयंती पोळ्या वाढत होती. शालूचं ताट रिकामं होतं आणि ती आईकडे टक लावून बघत होती.

"काय गं, नकोय का अजून?"

शालूचे डोळे भरून आले. "मी मागतेय की केव्हाची."

"मग तोंडाने बोलावं, बाळा."

"हात पुढं केलाय ना," शालू म्हणाली. मग तिने उजवा हात पुढे केला आणि वैजयंतीने त्यावर पोळी ठेवली. त्यात वावगं असं काही वैजयंतीला वाटलं नाही. पोरीला दृष्ट लागली असेल, किंवा ती मोठी होत असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"बाबा मला वर्गात विचारतच नाहीत," शालू म्हणाली.

"घरची म्हणून," दिगंबर घास चावत म्हणाला. "आणि हात वर केला तर विचारीन ना!"

शालूने बापाकडे असं पाहिलं, की वैजयंतीच्या हातातला उलथना तव्यावरच थांबला. पण पोळी करपायला लागली आणि ते तेवढ्यावरच राहिलं.

पहिल्या वर्षाचं मूल्यमापन आलं आणि संस्थेत पेढे वाटले गेले. सहभाग पूर्ण. उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर. राज्यभर कर्णिका न्यायची तर अहवालावर फक्त वैजयंतीची सही हवी होती. सही करायला तिने पेन उघडलं आणि टोपण परत लावलं. पोरं चुकत नाहीत म्हणजे काय? तिने स्वतः शिकवलं होतं. तिसरीच्या वर्गात वजाबाकी करताना पोर चुकत नसेल, तर एकतर ते पोर नाही, नाहीतर ती वजाबाकी नाही. तिने यंत्राकडे एक साधी गोष्ट मागितली: हात वर करूनही ज्यांना एकदाही विचारलं गेलं नाही, अशी मुलं दाखव.

यंत्राने दाखवली. प्रत्येक वर्गात अशी मुलं होती, आणि कुरणवाडीच्या तिसरीत पहिलं नाव होतं शाल्मली दिगंबर फडतरे.

तिने आदल्या दिवशीचा पाठ पडद्यावर लावला. मुलं रांगेत बसलेली, समोर दिगंबर. दुसऱ्या ओळीत शालू, दोन्ही हात मांडीवर, मान वर. आणि तिच्या डोक्यावर यंत्राने हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं: 'हात वर'.

वैजयंतीने चित्र थांबवलं, मोठं केलं. हात वर नव्हता. तिच्या शेजारच्या मुलाच्या डोक्यावरही 'हात वर', आणि त्याचाही हात वर नव्हता. यंत्र चुकतंय, या विचाराने तिला हायसं वाटलं. चला, नुसता तांत्रिक घोटाळा. नमुन्याच्या पाठांतही असाच घोटाळा आहे का, हे पाहायला तिने झांबरे गुरुजींचा पाठ लावला. गुरुजी आता निवृत्त होते, पण आदर्श पाठ म्हटला की जिल्ह्यात आधी त्यांचंच नाव निघे. तिथेही तेच. तिने त्यांना फोन लावला.

"गुरुजी, तुमच्या पाठात निम्मी पोरं हात वर करत नाहीयेत. यंत्र म्हणतंय केलेत. तुम्हाला काही आठवतं का?"

"निम्मी?" पलीकडून गुरुजी खळखळून हसले. "अहो बाई, माझ्या वर्गात सगळी पोरं हात वर करायची. साहेब येणार म्हणल्यावर दोन दिवस तालीमच घ्यायचो आम्ही. येत असंल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसंल त्यानं डावा. साहेबाला सगळेच हात वर दिसतात, आणि आम्हाला कळतं कुणाला विचारायचं आन्‌ कुणाकडं बघायचंसुद्धा नाही. तुम्ही काय नवीन आहात का या धंद्यात?"

नवीन नव्हतीच ती. जिल्ह्यातला कुठलाच शिक्षक त्यात नवीन नव्हता. चौथीत असताना तिने स्वतः साहेबांपुढे डावा हात वर धरला होता आणि बाईंची नजर आपल्यावरून कशी सरकून गेली, हे पाहिलं होतं. इतकी जुनी आणि सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट, की यंत्राला सांगायला हवी असं एकाच्याही मनात आलं नाही. यंत्र बिचारं प्रामाणिक. चांगला शिक्षक डाव्या हाताकडे बघत नाही, एवढं त्याने शेकडो पाठांतून नेमकं टिपलं. दिगंबरची नजर डाव्या हातावरून सरकली, की कर्णिकेने नसेला शाबासकी दिली. पुन्हा सरकली, पुन्हा शाबासकी. डोळ्याला दिसत होतं, पण मेंदूने ते पुढे पाठवणंच बंद केलं होतं. उत्तर न येणारी पोरं डावा हात धरून सुटायला शिकली होती; डावखुरी शालू मात्र येत असूनही सवयीने डावाच वर करी.

मग शालूचा हात मला का दिसत नाही?

तिचा हात आपोआप कानाकडे गेला. पाळीवर चापाची जुनी खूण होती.

फळ्यावरची अक्षरं चित्रात उलटी आली, तर ती सुलटी करायला एक बटण असतं. चित्राची डावी बाजू उजवीकडे होते आणि उजवी डावीकडे. वैजयंतीने ते दाबलं.

वर्ग बदलला. ज्यांचे हात वर होते त्यांचे गळून पडले, आणि जिथे काही नव्हतं तिथे हात उगवले. शालू हात वर करून बसली होती. कोपर ताठ, बोटं ताणलेली, खांदा एका बाजूला कललेला. खूप वेळ हात वर ठेवून दुखायला लागला की पोरांचा कलतो तसा. डोळे बापावर. तिने मागचा दिवस लावला, त्याच्या मागचा लावला. शालूचा हात वरच होता. तोंड मिटलेलं. बोलायचं नाही, हात वर करायचा, ही त्या वर्गाची शिस्त होती आणि पोरगी ती पाळत होती. त्या रात्री ताटासमोरही तिने पाळली होती.

वैजयंतीला भडभडून आलं. पण त्याच क्षणी तिला सकाळ आठवली: दिगंबर शालूची टोपी नि पाण्याची बाटली शोधत होता. आज परिसर अभ्यासाची क्षेत्रभेट. वर्ग पाझर तलावावर.

तिने फोन उचलला.

दिगंबरचा फोन लागेना. तलावाकडे कधी नीट रेंज नसतेच. कुरणवाडी लांब नव्हती, पण त्या दिवशीचा तो रस्ता तिला संपता संपेना. स्कूटर खड्ड्यांतून आदळत होती आणि ती स्वतःला बजावत होती, पोरं दगड मोजत असतील, पानं गोळा करत असतील, तू उगाच काहीबाही मनात आणतेस. बांध चढून ती वर आली तेव्हा मुलं काठावर रांगेत उभी होती. तिचा जीव जरा भांड्यात पडला. मग तिने पाहिलं, की सगळ्यांचे हात वर आहेत.

दिगंबर त्यांच्यासमोर उभा होता, जरा वैतागलेला. "अरे, मी प्रश्न विचारलाय का? हात खाली घ्या बघू." मुलांनी हात खाली घेतले, आणि लगेच परत वर केले. तोंडं मिटलेली. एका मुलीच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण हात तसाच.

"शालू कुठाय?" वैजयंती ओरडली.

"तू इथं कशी?" दिगंबरने वळून पाहिलं. "शालू? आत्ता तर होती. पोरंच मोजतोय, एक कमी भरतंय. झाडामागं गेली असंल."

वैजयंतीने पाण्याकडे पाहिलं. सांडव्याच्या बाजूला दगडी उतार होता, शेवाळलेला. त्याखाली पाणकणसांची दाटी. पाणी हलत होतं. मध्ये काही नव्हतं. तिने पुन्हा पाहिलं, डोळे ताणून, कणीस न्‌ कणीस. काही नव्हतं.

आणि तिला कळलं, की काही नाही याचा अर्थ काही नाही असा होत नाही. तिच्या डोळ्यांची साक्ष आता धरता येणार नव्हती. आयुष्यात इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती. आपलं पोर समोर असेल, आपण त्याच्याकडेच बघत असू, आणि ते आपल्याकडे बघत असेल.

तिने मुलांकडे पाहिलं. हात वर. या सगळ्यांना उत्तर येत होतं.

"हात खाली!" ती किंचाळली. "सगळ्यांनी हात खाली! बोला! ओरडा! कुठाय शालू?"

मुलांनी सरांकडे पाहिलं. परवानगी नव्हती.

"ओरडा रे बाळांनो! शालू! शालू, हात खाली घे! मला हाक मार! मोठ्यानं!"

आधी ती रडणारी मुलगी ओरडली, मग सगळा वर्ग फुटला. "पाण्यात! बाई, पाण्यात! कणसांत! घसरली!" आणि त्या गलक्याखालून, अगदी जवळून, चिरक्या, पाणी गिळलेल्या आवाजात: "आई!"

आवाज कणसांतून येत होता. जिथे काही नव्हतं तिथून.

"मला दिसत नाही," दिगंबर म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वैजू, मला दिसत नाही गं ती!"

"मलाही नाही. डोळे मिटा तुम्ही! आवाजावर जा! शालू, थांबू नको, ओरडत राहा!"

दिगंबरने डोळे मिटले आणि उतारावरून पाण्यात झोकून दिलं. "बाबा! बाबा!" आवाज येत होता, मध्येच बुडत होता, परत येत होता. कणसं चाचपत, आंधळ्यासारखे हात फिरवत तो पुढे सरकला. त्याच्या हाताला केस लागले. त्याने ओढलं तेव्हा शालूची उजवी मूठ दगडांतल्या एका मुळीला इतकी घट्ट आवळलेली होती, की ती एकेक बोट करून सोडवावी लागली. उजव्या हाताने तिने मुळी धरली होती, म्हणून हात वर केला होता डावा. चेहरा कणसांत दडलेला. कणसांच्या वर काय तो तेवढा हातच होता. किती वेळ, ते मुलांनी नंतर सांगितलं. वैजयंतीने ते ऐकून घेतलं, पण पुन्हा कधी कुणाला सांगितलं नाही.

काठावर शालूला छातीशी धरून दिगंबर ढसाढसा रडला. "मी तिकडंच बघत होतो," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "पाण्यावर उन्हं किती छान पडलीत, असं पोरांना दाखवत होतो."

त्याच संध्याकाळी वैजयंतीने अहवालाऐवजी कर्णिका थांबवायची शिफारस लिहिली. वरून फोन आले, इतके चांगले निकाल आलेत, एका घरगुती अपघातावरून एवढं काय मनावर घेता. चाचणीत त्यांनीही चाप लावून सराव-पाठ घेतले होते; तिने सगळ्यांना वर्गाची चित्रं पाठवली, आधी सुलटी, मग उलटी केलेली. त्यानंतर फोन आले नाहीत. आठवडाभरात जिल्ह्यातले चाप गोळा झाले.

पण चाप निघाले म्हणून काही सुटलं नाही. ते सुटू नये म्हणूनच तर कर्णिका बनवली होती. मेंदूच्या डॉक्टरांनी तिची नजर तपासली आणि खांदे उडवले. सायकल विसरायला शिकवणारं औषध अजून कुणी काढलेलं नाही, सराव करत राहा, म्हणाले. जिल्ह्यातल्या शाळा रोज भरत होत्या. रोज कुठल्या ना कुठल्या वर्गात कुठलंसं पोर कोपर ताठ करून बसत असणार, आणि समोरचे गुरुजी मन लावून शिकवत असणार. त्यांना पत्रं गेली होती, सूचना गेल्या होत्या: मुलांना बोलू द्या, नावानिशी विचारा. त्यांनी 'सूचना अतिशय उपयुक्त' असं कळवलं होतं.

घरात सराव शालूने स्वतःच ठरवला. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की ती आईसमोर मांडी घालून बसे. ती एक हात वर करणार आणि आईने कोणता ते सांगायचं. उजवा असला की वैजयंती चटकन सांगे. नाहीतर थांबे, अंदाज करी, शालूच्या खांद्यावरची फ्रॉकची सुरकुती बघून ओळखायचा प्रयत्न करी. कधी जमे. त्या दिवशी शालू जरा पुढे सरकून बसली.

"आता कोणता?"

वैजयंतीने नीट पाहिलं. शालूचा चेहरा, कपाळावरची बट, मांडीवर ठेवलेला उजवा हात. सुरकुतीसुद्धा नव्हती.

"आता कोणताच नाही," ती म्हणाली. "दोन्ही खाली आहेत. फसवतेस होय मला?"

वैजयंतीच्या गालाला एकदम काहीतरी ओलसर, गार लागलं. ती दचकून मागे झाली, मग तिने ते चाचपलं. पाच बोटं, मऊ तळवा, अंगठ्याजवळ पाझर तलावाच्या दगडाचं अजून न भरलेलं खरचटणं.

"तुझ्या नाकासमोरच धरला होता की," शालू म्हणाली. "आई, रडू नको. परत विचारू?"

"विचार," वैजयंती म्हणाली आणि न दिसणारा तो हात तिने दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.